पतंग मरायची वाट बघताना

इंग्लंडहून परत आल्यापासून सांगलीत जो भेटेल तो विचारतो, काय काय पाहिलंत. मी खरं ते सांगते: एक न्हाणीघर. लंडन विमानतळापुरतंच पाहिलं. एडिनबराचा किल्ला पाहिला नाही, तिकडे जायची ट्रेनची तिकिटं मात्र पाहिली. ती वहिनींच्या फ्रीजवर चुंबकाखाली लावलेली होती. सुट्टीतले बहुतेक दिवस मी, माझा भाऊ आणि माझी वहिनी, अशी तीन धडधाकट माणसं समुद्राकाठच्या भाड्याच्या घरात जिऱ्याएवढा एक पतंग मरायची वाट बघत बसलो होतो. तिकडे जाणाऱ्यांना निदान काय करू नये ते कळावं, म्हणून लिहिते आहे.

बेसिंगस्टोक

आमचं हळदीचं आणि धान्याचं घाऊक दुकान आहे, वडिलांचं, आता मी चालवते. हळदीची गडबड संपली की जूनमध्ये जरा उसंत मिळते. नवरा म्हणाला, जाऊन ये, दुकान मी बघतो. तो कसं बघतो ते मला माहीत आहे, तरी निघाले. भाऊ इतकी वर्षं तिकडे आणि मी एकदाही गेले नव्हते.

हा माझा थोरला भाऊ, अण्णा. पुण्याच्या कंपनीनं त्याला काही महिन्यांसाठी म्हणून पाठवलं आणि तो तिथलाच झाला. बेसिंगस्टोकच्या बिझनेस पार्कात कॉम्प्युटरची नोकरी केली, मुलीला शिकवलं, आता रिटायर झाला आहे. मुलगी लग्न होऊन कॅनडात गेली. गाव नीटनेटकं आहे, पण चौकांच्या जागी सगळीकडे गोल राउंडअबाउट. अण्णा त्यातून एकदा आत शिरला की आपण पुढे चाललो आहोत की घरी परत, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

रिटायर झाल्यावर तिकडचे लोक बाग करतात किंवा गोल्फ खेळतात. अण्णानं पतंग धरले. बागेत दिव्याखाली डबा ठेवायचा, त्यात जे येतील त्यांचे सकाळी फोटो काढायचे, नावं लिहायची आणि झुडपात सोडून द्यायचे. नावांची यादी कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोंदी ठेवणाऱ्या माणसाकडे पाठवायची. तिकडे प्रत्येक कौंटीत असा एक माणूस असतो, पगार नाही, नेमणूक नाही, तरी त्याचा शब्द शेवटचा. इतके लोक फुकट एवढं काम करतात हे ऐकून मी थक्क झाले. आमच्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी व्हायला कुणी तयार नसतं.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी, नाश्त्याला, ताटात बघतच अण्णा म्हणाला, "एडिनबराचं जरा पुढे ढकलूया का?"

वहिनींनी हातातला चमचा खाली ठेवला. त्यांना हे आधीपासून माहीत होतं आणि मला सांगायचं काम त्यांनी अण्णावर टाकलं होतं, हे चमचा ठेवण्यावरूनच कळलं.

गोष्ट अशी होती. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर फिरताना अण्णाला काही दगडांवर वाळूच्या कणांच्या बारीक पिशव्या चिकटलेल्या दिसल्या होत्या. त्या पिशव्यांत एका पतंगाची अळी राहते. घर अंगावर घेऊनच हिंडते आणि दगडावरचं दगडफूल खाते. दगडफूल म्हटल्यावर मी कान टवकारले, कारण ते मी पोत्यानं विकते. मसाल्यात घालायचं ते नव्हे, पण त्याच जातीचं, दगडाला राखी रंगाचं पापुद्र्यासारखं चिकटलेलं. हा पतंग जगात फक्त ब्रिटनमध्ये आहे आणि तिथेही त्या किनाऱ्याच्या एवढ्याशा पट्ट्यात. अण्णाला तो सापडला तिथे आजवर कुणालाच सापडलेला नव्हता. जमिनीच्या मालकाला विचारून त्यानं काही पिशव्या घरी आणल्या होत्या. बहुतेक रिकाम्याच निघाल्या. एकीत मात्र जीव होता, आणि तो आता कधीही बाहेर येणार होता.

"मग येऊ दे की," मी म्हणाले. "त्यासाठी एडिनबरा कशाला बुडवायचं?"

"तो आला की त्याच्या दगडाजवळ असायला हवं," अण्णा म्हणाला. "घर बुक केलंय. समुद्राकाठी आहे. तुला आवडेल."

मला आवडेल असं म्हणून माणसं स्वतःला आवडतं ते करतात, हा अनुभव मला लग्नापासून आहे. वहिनींनी फ्रीजवरची तिकिटं काढली नाहीत, नुसतं त्यांच्याकडे बघितलं. मी बॅग भरली.

समुद्राकाठी

तक्रार करायची नाही म्हटलं तर किनारा सुंदर आहे. एका बाजूला कापून काढल्यासारखे पांढरट कडे, खाली करडं पाणी, वर हिरवंगार गवत आणि त्यात मेंढ्या. वारा असा की बोललेलं वाक्य समोरच्याऐवजी मागच्याला ऐकू जातं. मला सगळ्यात आवडल्या त्या पायवाटा. खासगी शेताच्या मधून वाट जाते आणि त्या वाटेनं कुणीही चालू शकतं, तसा हक्कच आहे. शेतकरी लाकडी पायऱ्या बांधून देतो, फाटकावर बाणाची खूण लावतो. आमच्याकडे बांधावरून वीतभर सरकलं तर तीन पिढ्या कोर्टात जातात. मी अण्णाला म्हटलं, हे एक तरी तुझ्या देशाकडून घेण्यासारखं आहे. तो खूश झाला. "तुझ्या देशाकडून" हे त्यानं दुरुस्त केलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

खाण्याचे मात्र हाल. आम्ही जैन, कांदा, लसूण, बटाटा खात नाही. इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर तळलेला मासा सोडला तर उरतो तो बटाटाच. एका दुकानात भाजीची पेस्टी, म्हणजे मोठी करंजी, होती, आत बटाटा. सूप होतं, त्यात कांदा. चीजचं सँडविच मिळालं तर वहिनी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचत उभ्या राहत, कारण काही चीजमध्ये वासराच्या पोटातलं काहीतरी असतं. मागे रांग वाढायची आणि रांगेतली माणसं आम्हालाच सॉरी म्हणायची. शेवटी जाम आणि साय लावलेला स्कोन नावाचा पाव मिळाला. तो मी पहिला घास घ्यायच्या आत सीगलनं हातातून नेला. सीगल म्हणजे काही कवितेतला पांढरा पक्षी नव्हे, कोंबड्याएवढा धटिंगण असतो.

घरी वहिनींनी बरोबर आणलेली भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि पोहे होते, त्यावर आम्ही तगलो. एक गोष्ट मात्र त्या देशात सोयीची आहे. सूर्यास्ताच्या आत जेवायचा आमचा नेम, आणि जूनमध्ये तिकडे सूर्य नऊ वाजून गेले तरी मावळत नाही. सांगलीत आल्या की साडेसहाला ताटं आवरणाऱ्या वहिनी तिथे आठ वाजता म्हणायच्या, अजून ऊन आहे, एकेक थालीपीठ लावू का.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी जिल आली. त्या कौंटीच्या पतंगांच्या नोंदी हीच ठेवते. सत्तरीची, उंच, गुडघ्यापर्यंत बूट, आयुष्यभर नर्सचं काम केलेली. अण्णाची आणि तिची ओळख इतकी वर्षं ईमेलवरच होती. डॉर्सेटला गेला की अण्णा तिथल्या नोंदी पाठवायचा, ती मोठ्या पतंगांच्या स्वीकारायची आणि बारक्यांच्या नाकारायची, दर वेळी तेच कारण देऊन.

ते कारण तिनं मलाही समजावलं. सांगायला तिचा आवाज छान होता, डॉक्टर राउंडला येण्याआधी पेशंटला तयार करावं तसा. म्हणाली, या पतंगासारखाच दुसरा एक आहे, युरोपभर सापडणारा, डोळ्यांनी बघून फरक कळत नाही. पोटाच्या टोकाचा भाग कापून मायक्रोस्कोपखाली बघितला तरच कळतो. म्हणजे मेलेला पतंग हवा. फोटो चालत नाही. तुमची खात्री चालत नाही, माझीही नाही.

"तो बाहेर आला की छोट्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा," ती अण्णाला म्हणाली. "थंडीनं झोप लागते. त्याला काही कळत नाही."

"ते मला जमणार नाही, जिल."

"मग मला नोंद स्वीकारता येणार नाही."

दोघंही इतक्या सभ्यपणे बोलले की जणू साखर किती घालू असं विचारत होते. मग तिनं थालीपीठ खाल्लं, दुसरं मागून घेतलं आणि गेली. मला ती बाई फार आवडली. दोन वाक्यांत विषय संपवणारी माणसं मला घरात मिळत नाहीत.

ती गेल्यावर मी अण्णाला सरळ विचारलं, तुला हे कशाला हवंय. नोंद झाली काय, नाही झाली काय, पतंगाला फरक पडत नाही. अण्णानं कप विसळून ठेवला. मग म्हणाला की इतकी वर्षं या देशात राहून त्यानं दुसऱ्यांच्या कंपन्यांचे कॉम्प्युटर नीट चालवले, ते काम आता कुणी वापरतही नाही. हा पतंग दुसरीकडे कुठेच नाही. तो या जागी आहे हे पहिल्यांदा त्याला दिसलं. तेवढं एक लिहिलेलं राहावं. बस.

हे ऐकल्यावर मला त्याच्यावर रागावताही येईना, त्यामुळे जास्तच राग आला.

"मग ठेव फ्रीझरमध्ये," मी म्हणाले. "मी वर्षातून एकदा कीड मारायला गोदामाला धुरी देते. न देऊन कसं चालेल? गिऱ्हाईकाला किडकं धान्य देऊ? त्याच दुकानाच्या पैशावर तूही शिकलास."

"म्हणून तर इथे तरी नको," अण्णा म्हणाला.

न्हाणीघर

पिशवीची डबी अण्णानं न्हाणीघराच्या खिडकीत ठेवली होती, कारण ती खोली मागच्या अंगाला, सावलीत, सगळ्यात गार. मंगळवारी सकाळी मी टॉवेल घेऊन निघाले तर अण्णा दारात हात आडवे करून उभा. पतंग बाहेर आला होता.

मी आत डोकावले. पांढऱ्या फरशीवर काळपट तपकिरी रंगाचा एक कण बसलेला होता. अण्णानं भिंग दिलं. भिंगातून त्याच्या पंखांवर पांढरे ठिपके दिसले, कडेला केसांची झालर. मी म्हटलं, छान आहे, आता मी आंघोळ करू का.

नाही. वाफेनं त्याचे पंख भिजतील. दिवा लावायचा नाही, तो दिव्याकडे जाईल. पंखा लावायचा नाही. साबण, शाम्पू, कशाचाच वास नको. खिडकी बंद करायची नाही. घरात न्हाणीघर एकच होतं. संडास वेगळा होता म्हणून मी राहिले.

अण्णानं मनाशी तोडगा काढला होता. तो पतंगाला मारणार नव्हता आणि डबीत कोंडणारही नव्हता. खिडकी सताड उघडी. जायचं असेल तर त्यानं जावं. राहिला आणि स्वतःच्या मरणानं मेला तर अण्णा देह उचलून जिलला देणार. असे पतंग आठवडाभरही जगत नाहीत. जिलला त्यानं तसं कळवलं आणि ती शुक्रवारी दुपारी येते म्हणाली.

"दगडावरून उचलून मैलभर लांब आणलंत," वहिनी म्हणाल्या. "आता खिडकी उघडी ठेवली की झाला का तो मोकळा? त्याला काय बसनं जायचंय?"

अण्णा खिडकीपाशी गेला. तो म्हणाला, खिडकी उघडी आहे ना. दिवसभरात हे वाक्य त्यानं आम्हाला पुन्हा पुन्हा ऐकवलं. मला वाटतं, आमच्यापेक्षा स्वतःलाच.

मग सुरू झालं वाट बघणं. रोज सकाळी अण्णा भिंग घेऊन आत जायचा, आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसायचो, आणि तो बाहेर येऊन सांगायचा, आहे अजून. आयसीयूबाहेर बसल्यासारखं झालं होतं, फरक इतकाच की इथे बातमी चांगली की वाईट ते कळत नव्हतं. बुधवारी दुपारी मी वामकुक्षी घेऊन उठले तर वहिनी न्हाणीघराच्या बंद दारापाशी उभ्या, हात जोडून, ओठ हलताहेत. णमोकार मंत्र म्हणत होत्या. मरणाऱ्या माणसाच्या कानात म्हणतात तसा, पतंगासाठी, दाराच्या फटीतून. मी विचारलं, तुम्हीसुद्धा? त्या म्हणाल्या, "अहो, जायचाच आहे बिचारा, तर चांगलं ऐकून जाऊ दे." आणि लगेच खालच्या आवाजात, "लवकर गेला तर शनिवारची एडिनबराची दुसरी गाडी मिळेल."

आंघोळीसाठी आम्ही दोघी समुद्रावरच्या कार पार्कात जायचो. पोहणाऱ्यांसाठी तिथे शॉवर आहेत. बटण दाबलं की पाणी येतं आणि मनाला येईल तेव्हा थांबतं, पुन्हा दाबायचं. एका हातानं बटण आणि एका हातानं साबण. माझ्या केसांना शिकेकाई लागलेली असताना पाणी जे थांबलं ते आलंच नाही. शेजारच्या शॉवरमधली इंग्लिश बाई पलीकडून म्हणाली, ते जरा मूडी आहे. मी डोक्याला टॉवेल गुंडाळून, कानामागून फेस ओघळत, शेतातून घरी आले. वाटेत कुत्रं फिरवणारे दोघं भेटले. दोघंही छान हवा आहे म्हणाले.

रोज संध्याकाळी वाटायचं, या माणसाला हलवून विचारावं की ही कसली अहिंसा. मरण तर तुलाही हवंच आहे, फक्त हात स्वच्छ हवेत. विचारलंसुद्धा. अण्णा म्हणाला, "हो, हवंय. तेच मला आवडत नाहीये." मी उठून भांडी घासली.

शुक्रवार

शुक्रवारी सकाळी मी पोहे करायला घेतले. बटाट्याशिवाय आणि कांद्याशिवाय, मटार घालून. अण्णा वर कपडे बदलत होता. पोह्यांचं पाकीट ओट्यावर उघडं होतं आणि त्याच्या तोंडाशी धान्याला लागते तसली एक पाकोळी बसलेली.

आता हे दुकानदार वाचकांनाच नीट समजेल. धान्याजवळ पाकोळी दिसली की माझे हात डोक्याला विचारत नाहीत. वडील काउंटरवर बसायचे तेव्हापासूनची सवय आहे: मोठ्या गोदामाचं काय करायचं ते करा, पण डोळ्यांसमोर दिसलेला जीव हातानं बाहेर नेऊन सोडायचा. पेला पालथा घालायचा, खालून पुठ्ठा सरकवायचा, बाहेर. दिवसातून दहादा करते. तिथेही केलं. पुठ्ठा नव्हता म्हणून पिक्चर पोस्टकार्ड घेतलं, खिडकी उघडली, झटकलं, खिडकी लावली, हात धुतले आणि मोहरी तडतडली का ते बघितलं.

थोड्या वेळानं अण्णाचा आवाज आला. न्हाणीघराच्या फरशीवर तो गुडघ्यांवर बसला होता. टबाखाली टॉर्च मारत होता. "काल संध्याकाळी इथेच होता," तो म्हणाला. "अंगात त्राण नव्हतं त्याच्या."

मी दाराकडे बघितलं. दाराखाली बोटभर फट होती. फटीच्या समोर स्वयंपाकघर.

न्हाणीघराची खिडकी उघडीच होती. मी गप्प बसले असते तर पतंग तिथून गेला असंच सगळे म्हणाले असते. पण असल्या गोष्टी पोटात ठेवून मला जेवण जात नाही. म्हणून सांगून टाकलं, पोह्यांवर होता, मला पाकोळी वाटली, मी बाहेर सोडला.

अण्णा तसाच बाहेर गेला. खिडकीखालच्या गवतात हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत तो बराच वेळ शोधत होता. शेजारच्या घरातल्या गृहस्थानं कुंपणावरून विचारलं, कॉन्टॅक्ट लेन्स हरवली का, आणि तोही रांगायला लागला. वारा होता. गवतात जिरं शोधायचं म्हणजे काय, हे मी सांगायला नको.

आत आल्यावर अण्णानं हात धुतले. आयुष्यात तो माझ्यावर ओरडलेला मला आठवत नाही, त्या दिवशीही ओरडला नाही, पण आवाज असा होता की ओरडला असता तर बरं. "तूच म्हणालीस ना, फ्रीझरमध्ये ठेव?" तो म्हणाला. "आणि तूच सोडलास?"

"हो."

"दगड मैलभर लांब आहेत. तो तिथे पोचणार नाही. त्याला खायला नको, पण..." पुढे त्यानं हात नुसते हलवले. "वाचलाही नाही, आणि मिळालाही नाही."

तेवढ्यात वहिनींना हसू फुटलं. त्यांनी पदरानं तोंड दाबलं, तरी थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "धुरीवाल्या बाईंनी," त्या म्हणाल्या, "शेवटी एक जीव वाचवला." मला त्यांचा संताप आला. अण्णालाही आला असावा, कारण त्यानं पोहे नको म्हटलं आणि मग उभ्याउभ्या खाल्ले.

जिल ठरल्याप्रमाणे दुपारी आली. तिच्या हातात काचेच्या डब्यांची छोटी पेटी होती. काय झालं ते मीच सांगितलं, कारण ते माझं काम होतं. ती ओह डिअर म्हणाली, टेबलापाशी बसली आणि जरा विचार करून तिनं जे सुचवलं ते इतकं सोपं होतं की मी मनात देवाचे आभार मानले.

"ती जागा मला दाखवा," ती अण्णाला म्हणाली. "हेच दिवस आहेत, दगडांवर अजून असतील. मी एक घेते. बाकीचं माझ्या घरी, माझ्या फ्रीझरमध्ये. शोधणारे म्हणून नाव तुमचं."

किटली उकळून आपोआप बंद झाली. अण्णाला हो म्हणायचं होतं. मी त्याला लहानपणापासून बघते आहे, हवी ती वस्तू समोर आली की त्याच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. तेव्हाही झाल्या होत्या. त्यानं हो म्हणावं असं मलाही फार वाटत होतं. माझ्या हातून गेलेलं भरून निघालं असतं. तो स्वतः मारत नव्हता, तिला मारायला सांगत नव्हता, ती आपण होऊन म्हणत होती. मी मराठीत म्हटलं, "अण्णा, आता नाही म्हणू नकोस. तुझ्या हातात काहीच नाहीये यात."

"आहे," तो म्हणाला. "करणं, करवणं आणि मान डोलावणं, आपल्यात तिन्हींचा दोष एकच. तुलाही शिकवलंय." मग इंग्रजीत, "नको, जिल."

"नक्की?"

"मी तुम्हाला तिथे नेईन आणि तुम्ही पेटी उघडाल, म्हणजे मीच उघडल्यासारखी. मला हवंय म्हणून एकाचा जीव जायला नको."

जिलनं त्याच्याकडे नीट बघितलं. तिला ते पटलं असं मला वाटलं नाही. कळलं मात्र असावं. "मग नोंद स्वीकारता येणार नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

तिनं चहा संपवला, पेटी आमच्या टेबलावर तशीच ठेवली आणि उठली. "पेटी इथेच राहू दे," ती म्हणाली. "पण मला बघायचे आहेत. बघायला तर काही हरकत नाही?"

आम्ही शेतातल्या वाटेनं गेलो, वहिनी घरीच राहिल्या. न्हाणीघर मोकळं झालं होतं आणि त्यांना ते सोडवेना. आभाळ भरून आलं होतं, मेंढ्या वाऱ्याकडे पाठ करून उभ्या होत्या. कड्याखाली, जिथे वारा जरा अडतो, तिथे मोठमोठे दगड पडलेले आहेत आणि त्यांच्या आतल्या बाजूला ते राखी दगडफूल. अण्णानं एका कपारीकडे बोट दाखवलं. जिल छत्री माझ्या हातात देऊन गुडघ्यांवर बसली. अण्णाही आपली छत्री मला देऊन तिच्या शेजारी.

मीही वाकून बघितलं. वाळूचा एक तुकडा दगडावरून चालत होता. थोडा चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. वरच्या सावलीत एक पतंग बसला होता, पंख मिटून, न्हाणीघरातल्यासारखाच. यासाठी मी एडिनबरा सोडलं, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, पण दोघांच्या पाठी इतक्या स्थिर होत्या की बोलले नाही.

जिल फार वेळ बघत होती. मग तिनं भिंग डोळ्यापासून खाली घेतलं. "हाच आहे," ती अण्णाला म्हणाली. "मला काही शंका नाही. नव्या जागी सापडलाय, आणि तुम्हाला सापडलाय."

अण्णानं मान खाली घातली. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"शंका नाही ना?" मी जिलला म्हटलं. "मग लिहा."

"नाही लिहिता येणार," ती म्हणाली. "मला शंका नाही, हा काही पुरावा नव्हे."

हे ऐकून मी अण्णाकडे बघितलं. समोर पतंग, समोर बाई, बाई म्हणते आहे हाच तो. आता तरी त्यानं स्वतःसाठी एक शब्द बोलावा. तर तो मान हलवत होता, तिच्या बाजूनं.

"बरोबर आहे तिचं," तो मला मराठीत म्हणाला. "तिच्या जागी मी असतो तर मीही नसतं लिहिलं."

आणि दोघंही पुन्हा कपारीकडे वळले. जिल त्याला पिशवीच्या तोंडाकडचं काहीतरी दाखवत होती, तो थांबा, थांबा म्हणत भिंग मागत होता. पावसाचे थेंब पडायला लागले. दोघांच्याही छत्र्या माझ्याकडे होत्या. मी त्या उघडल्या आणि एकेका हातात एकेक धरून, त्यांचं बघून होईपर्यंत, दोघांच्या डोक्यांवर धरून उभी राहिले.